सिमोनी: धर्मपदाच्या सौद्याचं नाव आणि त्यामागचा न सुटलेला प्रश्न

इटलीतल्या मिलान शहरात १०५९ च्या सुमारास पोपचा दूत म्हणून पिएत्रो दामियानी चौकशीला आला. हा मूळचा कडक व्रतं पाळणारा मठवासी. कार्डिनलपद त्याच्या गळ्यात जवळजवळ जबरदस्तीनेच पडलं होतं. शहरातल्या धर्मगुरूंना त्याने विचारायला सुरुवात केली, की तुम्हाला धर्मगुरूपदाची दीक्षा कशी मिळाली. उत्तरं ऐकून तो हादरला. मिलानमध्ये चक्क दर ठरलेले होते. उपडीकन आणि डीकन या धर्मगुरूपदाच्या खालच्या पायऱ्या. उपडीकन व्हायचं तर १२ नाणी, डीकन व्हायचं तर १८ आणि पूर्ण धर्मगुरू व्हायचं तर २४. यात लपवाछपवी अजिबात नव्हती. वाडवडिलांपासून असंच चालत आलंय, असं सगळे म्हणत होते. एवढ्या मोठ्या शहरात पैसे न मोजता दीक्षा मिळालेला धर्मगुरू शोधूनही सापडणं कठीण होतं.

या व्यवहाराला युरोपातल्या भाषांमध्ये एक खास शब्द आहे: सिमोनी. चर्चमधलं पद, दीक्षा, संस्कार किंवा कोणतीही पवित्र मानलेली गोष्ट पैशाने विकत घेणं किंवा विकणं. मराठीत याला एकशब्दी नाव नाही. ‘लाच’ म्हणावं तर ते अपुरं पडतं. लाच देऊन नोकरी मिळवणारा माणूस गैरमार्गाने का होईना, पण खरीखुरी नोकरी मिळवतो. त्याचा पगार खरा असतो, त्याने केलेली सही चालते. सिमोनीत मात्र प्रश्न त्याच्या पुढे जातो. बिशपपदासोबत जी दैवी शक्ती येते असं चर्च मानतं, ती विकणाऱ्याच्या मालकीची कधी नव्हतीच. मग विकत घेणाऱ्याच्या हाती नेमकं काय पडलं? त्याने पुढे ज्यांना दीक्षा दिली, ज्या मुलांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, केला, त्यांचं काय?

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो या दुसऱ्या प्रश्नासाठी. पैसे घेणारे आणि देणारे यांचा निवाडा त्या मानाने सोपा आहे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या साध्या माणसांचं काय करायचं, यावर युरोपात शेकडो वर्षं डोकेफोड झाली, आणि काही ठिकाणी माणसं जिवानिशी गेली.

नाव आलं कुठून

बायबलच्या नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या आठव्या अध्यायात शोमरोनातल्या शिमोन नावाच्या जादूगाराची गोष्ट येते. लोक त्याला देवाची महाशक्ती म्हणत. फिलिप या धर्मप्रचारकाचा उपदेश ऐकून तो ख्रिस्ती झाला. मग जेरुसलेमहून येशूचे शिष्य पेत्र आणि योहान आले. त्यांनी लोकांच्या डोक्यावर हात ठेवले की पवित्र आत्मा त्यांच्यात उतरतो, हे शिमोनने पाहिलं आणि त्याने पैसे पुढे केले. मी ज्याच्यावर हात ठेवीन त्यालाही पवित्र आत्मा मिळावा, असा अधिकार मला द्या, एवढंच त्याचं मागणं. पेत्र संतापला. देवाचं दान पैशाने मिळेल असं तुला वाटलं, तर तुझे पैसे तुझ्यासकट नष्ट होवोत, अशा अर्थाचं तो बोलला. शिमोन घाबरला आणि माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणाला. बायबलमधली गोष्ट इथेच संपते.

पुढच्या शतकांत मात्र शिमोनभोवती दंतकथांचं रान माजलं. तो रोमला गेला, तिथे लोकांसमोर आकाशात उडाला आणि पेत्राच्या प्रार्थनेने खाली आपटला, ही त्यातली सर्वांत गाजलेली. फ्रान्समधल्या ओतँच्या कॅथेड्रलमध्ये एका खांबाच्या माथ्यावर डोकं खाली, पाय वर असा कोसळणारा शिमोन कोरलेला आजही दिसतो. त्याच्या नावावरून लॅटिनमध्ये ‘सिमोनिया’ हा शब्द तयार झाला.

यात एक गंमतीचा पेच आहे. मूळ गोष्टीतला शिमोन विकत घेणारा आहे, विकणारा नव्हे. पेत्राने विकायला नकार दिला, त्यामुळे सौदा झालाच नाही. मध्ययुगातल्या विद्वानांच्या हे लक्षात आलं होतं. विकणाऱ्याला शोभेल असं नाव त्यांनी जुन्या करारातून शोधून काढलं. अलीशा संदेष्ट्याने नामान या सेनापतीचा कोड बरा केला आणि मोबदला घ्यायला साफ नकार दिला. त्याचा चाकर गेहजी मात्र धन्याच्या नकळत नामानच्या रथामागे धावला, खोटं कारण सांगून दोन किक्कार चांदी आणि कपड्यांचे दोन जोड घेऊन आला. शिक्षा म्हणून नामानचा कोड गेहजीला लागला. यावरून देवाची कृपा विकणाऱ्यांना ‘गेहजीचे वारस’ म्हणण्याची पद्धत पडली, आणि थॉमस अक्विनास या धर्मपंडितानेही हा फरक नोंदवला आहे. पण तो शब्द ग्रंथांतच राहिला. लोकांच्या तोंडी विकणारा आणि घेणारा दोघेही शिमोनच्याच खात्यात जमा झाले.

भाषांमधला प्रवास पाहिला तर पश्चिम युरोपात सगळीकडे तोच लॅटिन शब्द थोडा वाकवून घेतलेला दिसतो. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज या तिन्हींत सिमोनिया, फ्रेंच आणि डचमध्ये सिमोनी, जर्मनमध्ये झिमोनी, इंग्रजीत सिमनी किंवा सायमनी. ग्रीक आणि रशियनमध्येही सिमोनिया आहे. या शब्दाची एक अडचण आहे. शिमोनची गोष्ट माहीत नसेल तर त्यातून काहीच कळत नाही. धर्मपंडिताला तो लगेच उमगतो, शेतकऱ्याला नाही.

मध्य आणि पूर्व युरोपातल्या स्लाव भाषांनी म्हणून स्वतःचा शब्द घडवला. चेकमध्ये तो ‘स्वातोकुपेत्स्त्वी’ आहे. ‘स्वाती’ म्हणजे पवित्र, ‘कुपेत्स्त्वी’ म्हणजे व्यापार. पोलिश ‘श्वेंतोकुप्स्त्वो’ आणि रशियन ‘स्व्यातोकुप्स्त्वो’ त्याच घाटाचे. पवित्राचा धंदा. ऐकणाऱ्याला गोष्ट सांगावी लागत नाही. १४१३ मध्ये यान हुस या चेक सुधारकाने याच विषयावर एक पुस्तक लिहिलं ते लॅटिनमध्ये नव्हे, तर चेकमध्ये. आदल्याच वर्षी त्याला प्राग सोडावं लागलं होतं. त्याला आता विद्यापीठातल्या मास्तरांशी वाद घालायचा नव्हता, साध्या माणसाला सांगायचं होतं की तुझ्या गावच्या धर्मगुरूपासून पोपपर्यंत कोण काय विकतंय. दोन वर्षांनी, ६ जुलै १४१५ रोजी, कॉन्स्टन्समध्ये त्याला जिवंत जाळण्यात आलं.

पदाला भाव का आला

सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजाकडे विकण्यासारखं फारसं काही नव्हतं. रोमन सम्राट ख्रिस्ती झाल्यावर चर्चकडे जमिनी, इमारती, देणग्या आल्या आणि पदांना भाव आला. ४५१ च्या खाल्किदोन इथल्या बिशपांच्या परिषदेला दुसऱ्याच नियमात लिहावं लागलं, की पैसे घेऊन दीक्षा देणाऱ्या बिशपचं पद जाईल. असा नियम तेव्हाच करावा लागतो जेव्हा प्रकार सर्रास घडत असतो.

नवव्या-दहाव्या शतकानंतर हे आणखी गुंतलं. बिशपपद किंवा एखाद्या चर्चचं धर्मगुरूपद याच्याशी उत्पन्न जोडलेलं असे, त्याला बेनिफिस म्हणत. आपल्याकडच्या वतनासारखं समजा: काम आणि त्या कामासाठी लावून दिलेली जमीन एकत्र. फरक असा, की बिशपला अधिकृत वारस नसे. राजांना हे सोयीचं होतं. सरदाराला जमीन दिली की ती त्याच्या मुलाकडे जाणार. बिशपला दिली की तो मेल्यावर पुन्हा आपल्या हाती. त्यामुळे जर्मन सम्राट आणि फ्रान्सचे राजे बिशप नेमू लागले, आणि नेमताना अंगठी आणि धर्मदंडही स्वतःच्या हाताने देऊ लागले. जमीन मिळणाऱ्या सरदाराने राजाला भरघोस नजराणा द्यायचा ही रीतच होती. नव्या बिशपनेही तोच दिला. तो देणाऱ्याला आपण शिमोन जादूगाराच्या पंगतीत बसतोय असं स्वप्नातही वाटत नसणार. माझ्या मते अकराव्या शतकातलं हे सगळं भांडण समजून घ्यायचं तर ही गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. एका बाजूला जो शिष्टाचार होता, तोच दुसऱ्या बाजूला पाखंड ठरू लागला.

रोममध्ये तर १०४५ मध्ये पोपपदाचाच सौदा झाला. नववा बेनेडिक्ट तरुणपणी घराण्याच्या जोरावर पोप झाला होता. त्याने पैसे घेऊन आपलं पद धर्मपिता जोव्हानी ग्रात्सियानो याला दिलं, आणि तो सहावा ग्रेगरी झाला. हा ग्रेगरी सज्जन म्हणून ओळखला जाई. नालायक पोपला बाजूला करायचं हाच त्याचा हेतू होता, असं अनेकांना वाटलं. दामियानीने तर त्याच्या निवडीचं स्वागत केलं होतं. पण पैसे दिले होते हे खरं. १०४६ च्या डिसेंबरात सुत्रीच्या धर्मसभेत सम्राट तिसऱ्या हेन्रीसमोर त्याचं पद गेलं. जर्मनीत हद्दपारीला जाताना त्याच्यासोबत हिल्डेब्रांड नावाचा एक तरुण होता. तोच १०७३ मध्ये पोप झाला, त्याने ग्रेगरी हेच नाव घेतलं, आणि सातवा ग्रेगरी म्हणून सिमोनीविरुद्ध आणि राजांनी बिशप नेमण्याविरुद्ध असं युद्ध पुकारलं की १०७७ च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री कॅनोसाच्या किल्ल्याबाहेर थंडीत माफी मागत उभा राहिला. त्या संघर्षावर ११२२ मध्ये वोर्म्सला तडजोड झाली: अंगठी आणि धर्मदंड चर्चने द्यायचे, जमिनीचा अधिकार राजाने.

मला स्वतःला कॅनोसापेक्षा १०४९ च्या ऑक्टोबरमधला रँसचा प्रसंग जास्त बोलका वाटतो. नवव्या लिओ पोपने तिथे परिषद भरवली. संत रेमी यांचा देह वेदीवर ठेवला आणि जमलेल्या बिशपांना सांगितलं, की तुमच्यापैकी ज्याने पद विकत घेतलं किंवा विकलं असेल त्याने उठून कबूल करावं. संतासमोर खोटं बोलण्याची भीती खरी होती. काहींनी ताबडतोब शपथ घेतली. काही गप्प बसले. लांग्रच्या बिशपवर आरोप झाले, तेव्हा त्याच्या बचावाला उभ्या राहिलेल्या बझाँसाँच्या आर्चबिशपचा आवाजच बंद झाला, असं त्या परिषदेचा वृत्तांत सांगतो. लांग्रचा बिशप त्या रात्री पळून गेला. नाँतच्या बिशपने कबूल केलं, की आपल्या आधी वडीलच तिथे बिशप होते आणि त्यांच्यानंतर आपण पैसे देऊन पद मिळवलं. त्याची अंगठी आणि दंड काढून घेतले, पण साधा धर्मगुरू म्हणून राहू दिलं.

मग त्या बाळाचा स्नानसंस्कार खरा की खोटा?

इथे मूळ प्रश्न उभा राहतो. पैसे देऊन झालेल्या बिशपने शंभर जणांना दीक्षा दिली. त्यांतल्या प्रत्येकाने हजारो मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासना, केल्या, लग्नं लावली, मरणाऱ्यांना क्षमा दिली. ते सगळं रद्द समजायचं का?

कार्डिनल हुंबेर्तने १०५८ च्या सुमारास सिमोनीवाल्यांविरुद्ध तीन भागांचा ग्रंथ लिहिला आणि ठाम उत्तर दिलं: होय, सगळं रद्द. ज्याच्याकडे काही नाही तो दुसऱ्याला काय देणार? पवित्र आत्मा विकत मिळत नाही, म्हणून तो विकत घेणाऱ्याला मिळालाच नाही, म्हणून त्याने दिलेली दीक्षा म्हणजे नुसता हात लावणं. युक्तिवाद बिनतोड वाटतो.

दामियानी सिमोनीचा हुंबेर्तइतकाच कडवा शत्रू, पण त्याने १०५२ मध्येच लिहिलेल्या ग्रंथात याच्या नेमकं उलट सांगितलं होतं. संस्कार देणारा देव आहे, माणूस केवळ माध्यम. त्याच्या पाठीशी संत ऑगस्टिनचं जुनं मत होतं: येशूला दगा देणाऱ्या यहूदाने ज्यांचा बाप्तिस्मा केला त्यांचा ख्रिस्तानेच केला, दगडी पाटातून बागेकडे वाहणारं पाणी दगडामुळे नासत नाही. आणि व्यवहारातली अडचण तर उघडच होती. हुंबेर्तचं खरं मानलं तर इटलीत खरा बिशप किती उरेल? कोणाला आपल्या दीक्षेची साखळी मागे कुठवर स्वच्छ आहे हे सिद्ध करता येईल?

म्हणूनच मिलानमध्ये दामियानीने सगळ्यांना हाकललं नाही. आर्चबिशप गुइदोला शंभर वर्षांचं प्रायश्चित्त सांगितलं. एका आयुष्यात ते शक्य नाही हे उघड, म्हणून दरवर्षी ठरावीक रक्कम देऊन ते फेडण्याची मुभा ठेवली. धर्मगुरूंनी शपथ घेतली, उपासाची शिक्षा स्वीकारली, आणि त्यांतले जे लायक होते त्यांना त्यांची पदं परत दिली. पैशाच्या पापाचं प्रायश्चित्तही पैशात, हे कोणाला खटकेल. मला मात्र दामियानीची निवड माणसं सांभाळणारी वाटते. त्याने शहर धर्मगुरूंविना सोडलं नाही.

सगळ्यांना हा संयम पटला नाही. मिलानमध्ये पातारिया नावाची चळवळ उभी राहिली होती; तिचे लोक पैसे दिलेल्या धर्मगुरूंच्या मिस्सेला जायला नकार देत. तिचा नेता आरिआल्दो १०६६ मध्ये मारला गेला. फ्लॉरेन्समध्ये वल्लोंब्रोसाच्या मठवासींनी बिशप पिएत्रो मेझाबार्बावर उघड आरोप केला की त्याच्या बापाने त्याला पद विकत घेऊन दिलं. दामियानीने समेट करायचा प्रयत्न केला, पण व्यर्थ. शेवटी १०६८ च्या फेब्रुवारीत सेत्तिमोच्या मठासमोर लाकडांचे दोन लांब ढीग रचून पेटवले आणि मध्ये अरुंद वाट ठेवली. पिएत्रो नावाचा एक मठवासी मिस्सा आटोपून अनवाणी त्या वाटेने चालत गेला. हातावरचं वस्त्र आगीत पडलं म्हणून तो ते घ्यायला मागे वळला आणि सुखरूप बाहेर आला, असं फ्लॉरेन्सकरांनी पोपला कळवलं. बिशपचं पद गेलं. आगीतून चाललेला तो मठवासी पुढे कार्डिनल झाला आणि ‘इग्नेओ’, म्हणजे अग्नीचा, या नावाने ओळखला गेला.

हाच प्रश्न तीनशे वर्षांनी पार दुसऱ्या टोकाला, रशियात नोव्हगोरोद आणि प्स्कोव्हमध्ये उभा राहिला. तिथल्या स्त्रिगोल्निक म्हटल्या जाणाऱ्या पंथाचं म्हणणं हुंबेर्तसारखंच होतं. दीक्षेसाठी शुल्क घेतलं जातं, म्हणून बिशप खरे नाहीत, धर्मगुरू खरे नाहीत, त्यांच्या हातचे संस्कार घ्यायचे नाहीत. १३७५ मध्ये नोव्हगोरोदकरांनी त्यांच्या पुढाऱ्यांना, निकिता आणि कार्प या डीकनांना, ठार केलं.

मोबदला आणि किंमत यांत रेघ कुठे मारायची

धर्मगुरूलाही जेवायला लागतं. वेदीची सेवा करणाऱ्याने वेदीवर जगावं, हे बायबलच सांगतं. मग दक्षिणा आणि किंमत यांत फरक कसा करायचा?

पोप पहिला ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या शेवटी जाळं बरंच रुंद टाकलं. तो म्हणाला, लाच तीन प्रकारची असते. एक हाताची, म्हणजे पैसा. दुसरी सेवेची, म्हणजे हांजी हांजी करून, राबून मिळवलेली. तिसरी जिभेची, म्हणजे शिफारस आणि खुशामत. तिन्हींतून मिळालेलं पद सारखंच नासलेलं. पैशाची देवघेव निदान दाखवता येते. बाकीच्या दोन पकडणं कोणालाच जमलं नाही. पण त्याने त्यांचं नाव घेतलं हे मोठं.

११४० च्या सुमारास बोलोन्यात ग्रात्सियानो नावाच्या दुसऱ्याच एका कायदेपंडिताने चर्चच्या कायद्याचा महाग्रंथ रचला, त्यातला पहिलाच खटला सिमोनीचा आहे. एक बाप आपल्या मुलाला श्रीमंत मठात घालायला नेतो. मठाधिपती आणि मठवासी प्रवेशासाठी दहा पौंड मागतात. बाप देतो. मुलगा लहान, त्याला पत्ता नाही. तो मोठा होतो, लायकीवर पुढे जातो, बिशप होतो. आता त्याचं पद राहतं का? विद्यार्थ्यांनी पिढ्यानपिढ्या यावर वाद घातले. दोष कोणाचा आणि त्याचे परिणाम कोणी भोगायचे, हे त्या मुलाच्या उदाहरणात लखलखीत दिसतं.

थॉमस अक्विनासने तेराव्या शतकात आणखी अवघड प्रसंग घेतला. बाळ मरणाच्या दारात आहे आणि धर्मगुरू पैशाशिवाय स्नानसंस्कार करायला तयार नाही. आईबापांनी काय करावं? त्याचं उत्तर: तिथे धर्मगुरू नाहीच असं समजून जवळच्या माणसाने स्वतः बाळाचा संस्कार करावा. पाणी धर्मगुरूकडेच असेल तर ते त्याच्याकडून विकत घ्यायला हरकत नाही, कारण पाणी ही साधी वस्तू आहे. संस्काराची मात्र किंमत मोजायची नाही. एवढ्या बारीक रेघेने त्याने दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या, आणि बाळालाही वाऱ्यावर सोडलं नाही.

धर्मसभांनी वारंवार बजावलं. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने दफन, लग्नाचा आशीर्वाद, संस्कार यांसाठी पैसे मागायला मनाई केली. १२१५ च्या चौथ्या परिषदेने हेच पुन्हा सांगितलं, जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, मठांत प्रवेशासाठी पैसे घेण्यावर वेगळा नियम केला. पण लोक श्रद्धेने जी देणगी देतात ती चांगली प्रथा चालू राहावी, असंही जोडलं. मागायचं नाही, दिलं तर घ्यायचं. वाद तिथेच राहिला, कारण ‘प्रथा’ म्हणून दिलेलं आणि मागून घेतलेलं यांतलं अंतर गावागणिक बदलायचं.

इटालियन कवी दांतेने आपल्या महाकाव्यात, नरकाच्या एकोणिसाव्या सर्गात, सिमोनीवाल्यांना दगडातल्या गोल भोकांत डोकं खाली, पाय वर असं पुरलं आहे आणि त्यांचे तळवे जळताहेत. एका भोकातला तिसरा निकोलस पोप दांतेचा आवाज ऐकून विचारतो, बोनिफेस, तू इतक्यात आलास? काव्यातलं वर्ष १३०० आहे. आठवा बोनिफेस तेव्हा रोममध्ये गादीवर होता. हयात पोपची नरकातली जागा दांतेने आधीच राखून ठेवली. शिमोनचं नाव या सर्गाच्या पहिल्याच ओळीत आहे.

पुढच्या दोन शतकांत रोमने कारभारातली कारकुनी पदंही उघड विकायला काढली. ती आध्यात्मिक नाहीत म्हणून सिमोनी होत नाही, असं कायदेपंडितांचं म्हणणं. फ्रान्सच्या राजानेही न्यायाधीशांची आणि करवसुलीची पदं विकली. त्याला फ्रेंचमध्ये वेगळा शब्द होता, आणि तो व्यवहार कायदेशीर होता. १५१४ मध्ये ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्त माइन्झचा आर्चबिशप झाला. माग्डेबुर्गचं आर्चबिशपपद त्याच्याकडे आधीच होतं, शिवाय वय नियमापेक्षा कमी. या सवलतींसाठी रोमला द्यायची रक्कम त्याने फुगर या सावकारांकडून कर्जाऊ घेतली, आणि ती फेडायला पापक्षमेच्या पत्रांची विक्री सुरू झाली. अर्धा पैसा कर्जाला, अर्धा रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला. प्रोटेस्टंट चळवळीची सुरुवात मानल्या जाणाऱ्या, ३१ ऑक्टोबर १५१७ च्या मार्टिन लूथरच्या पत्रामागे हा हिशेब आहे. ते पत्र आल्ब्रेख्तलाच लिहिलेलं होतं, जरी आतला कर्जाचा व्यवहार लूथरला तेव्हा ठाऊक नव्हता.

प्रोटेस्टंट झाल्याने प्रश्न मिटला असंही नाही. इंग्लंडमध्ये गावच्या चर्चवर धर्मगुरू सुचवण्याचा हक्क ही जमीनदाराची मालमत्ता होती आणि ती कायदेशीरपणे विकता येई. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या वर्तमानपत्रांत तशा जाहिराती येत; उत्पन्न किती, घर कसं, आणि सध्याचा धर्मगुरू किती म्हातारा आहे हेही त्यात असे, कारण त्यावरून जागा कधी रिकामी होईल याचा अंदाज बांधता येई. रिकाम्या झालेल्या जागेसाठी पैसे घेणं ही सिमोनी. जागा रिकामी होण्याआधी हक्कच विकणं ही मालमत्तेची विक्री. १८९८ च्या कायद्याने हा बाजार आवळला. इंग्लंडच्या चर्चमध्ये नेमणूक घेताना सिमोनी केली नसल्याचं जाहीर करण्याची पद्धतही होती.

आजचा कायदा

कॅथलिक चर्चचा सध्याचा कायदा १९८३ चा आहे आणि तो रोमइतकाच वसई, मुंबई, गोव्यातल्या धर्मप्रांतांनाही लागू आहे. सिमोनीने झालेली कोणत्याही पदावरची नेमणूक आपोआप रद्द, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हुंबेर्तला हे वाचून समाधान वाटलं असतं.

पण एका पदाला हा नियम लागू नाही, आणि ते सगळ्यांत मोठं पद आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोप दुसऱ्या ज्युलियसने फर्मान काढलं होतं, की पैशाने जिंकलेली पोपची निवडणूक रद्दबातल. ऐकायला न्याय्य, पण याचा अर्थ प्रत्येक पोपच्या निवडीवर कोणीही कधीही शंका घेऊ शकतो, आणि शंका खरी ठरली तर त्याने नेमलेले सगळे कार्डिनल, बिशप अधांतरी. विसाव्या शतकात दहाव्या पायसने हा रद्दपणा काढून टाकला. १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलने पोप निवडणुकीचे नियम नव्याने लिहिले तेव्हा तेच कायम ठेवलं: सौदा करणारे सगळे तत्क्षणी बहिष्कृत, मात्र निवड वैध. कारणही तिथेच दिलं आहे, निवडीच्या वैधतेला यावरून आव्हान देता येऊ नये म्हणून. इथे दामियानीची बाजू वरचढ ठरली.

संस्कारांबद्दलचा नियम त्याहून साधा आणि मला सगळ्यांत जवळचा. वरिष्ठांनी ठरवून दिलेल्या अर्पणापलीकडे धर्मगुरूने काहीही मागायचं नाही. मिस्सेसाठीच्या अर्पणाची रक्कम त्या भागातले बिशप मिळून ठरवतात; कोणी आपखुशीने जास्त दिलं तर घेता येतं, ठरल्यापेक्षा जास्त मागता येत नाही, कमी दिलं तरी स्वीकारता येतं. आणि गरिबीमुळे कोणीही संस्काराला मुकणार नाही, याची जबाबदारी कायद्याने धर्मगुरूवरच टाकली आहे.